मानेमागचं पांढरं फूल

तीर्थकुमारी बस्नेतला फुलांची भारी आवड होती, असं आता लोक म्हणतात. साफ खोटं. आवड असायला हात रिकामे लागतात, आणि तिचे हात जन्मात कधी रिकामे राहिले नाहीत. तिनं फुलं लावली ती भावाला वाढवायला. पुढे लावत राहिली ती भाऊ येईल या आशेवर. दोन्हीत आवडीचा काही संबंध नव्हता.

सिंधुलीच्या सासरहून ती एक ट्रंक घेऊन गुंडूला माहेरी परतली, तेव्हा तिची पंचविशीही उलटली नव्हती. नवऱ्यानं दुसरी आणली होती आणि दुसरीला पहिलीचंच अंथरूण हवं होतं. तीर्थानं ते देऊन टाकलं, भांडली नाही. माहेरी आई तोवर गेलेली. बाप दम्यानं खाटेला खिळलेला. आणि धाकटा खगेंद्र, म्हणजे खगे, नाक ओढत शाळेत जाणारा. गावातल्या बायकांनी चार दिवस तिच्याकडे बघून हळहळ केली आणि पाचव्या दिवशी तिच्याकडून ताक मागायला आल्या. जगाची हळहळ तेवढीच टिकते.

घराखाली उतारावर पायऱ्या-पायऱ्यांचं शेत होतं. त्यात मका यायचा. मका खाऊन संपायचा आणि शाळेची फी काही संपायची नाही. तीर्थानं पहिल्याच वर्षी वरच्या पायरीतला मका काढला, वाफे केले आणि मखमली लावली. बोराएवढी जांभळी गोल फुलं, हाताला खरखरीत. तोडली, ओवली, महिनोन्‌महिने टांगून ठेवली तरी सुकत नाहीत, रंग सोडत नाहीत. तिहारच्या, म्हणजे नेपाळी दिवाळीच्या, शेवटच्या दिवशी, भाईटीकेला, बहीण भावाच्या गळ्यात हीच माळ घालते. हे फूल कोमेजेल तेव्हाच यमानं माझ्या भावाकडे बघावं, असं म्हणते. फूल कोमेजत नाही, म्हणजे यमाला वाट बघावी लागते.

बाप खाटेवरून ओरडला होता, "आता काय फुलं खायची?"

"तुम्ही नका खाऊ, बुबा. मी विकून तांदूळ आणते, तो खा."

आणि तिनं खरंच आणला. मखमलीचं बी कापसात गुंडाळल्यासारखं असतं. ते राखेत चोळून मोकळं करायचं, जेठ सरता सरता पेरायचं. वाफा उंच ठेवायचा, नाहीतर पावसात रोपाची मुळं कुजतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. शेंडा खुडला नाही तर रोप सरळसोट वाढतं, एक फूल देतं आणि मोकळं होतं. खुडला की फांद्या फुटतात आणि झाड फुलांनी भरतं. खालच्या पायरीत तिनं झेंडू घातला. थंडीत शहरातल्या लोकांना कुंड्यांमध्ये लावायला पिटुनियाची आणि पॅन्झीची रोपं हवी असतात हे कळल्यावर तीही करायला लागली. काही वर्षांत त्या उताराला कार्तिकात असा रंग चढायचा की भक्तपूरहून लोक फोटो काढायला यायचे. वाफ्यात उभे राहायचे, रोपं तुडवायचे आणि "किती सुंदर" म्हणून जायचे.

खगेची शाळा त्या वाफ्यांतून झाली, कॅम्पस, म्हणजे कॉलेजही झालं. बापाचे शेवटचे इन्हेलर तिथूनच आले.

या सगळ्यात एक रोप विकायचं नव्हतं. ते पांढऱ्या मखमलीचं. तिची आई हे बी तिच्या आईकडून घेऊन आली होती. गावात आणखी कुणाकडे ते नव्हतं. आईची रीत अशी की भावाची माळ सगळी जांभळी ओवायची आणि एकच पांढरं फूल गाठीपाशी घालायचं, म्हणजे ते मानेच्या मागे येतं. "जांभळी फुलं जग बघतं," आई म्हणायची, "पांढरं फक्त भावाला लागतं." तीर्थानं रीत सोडली नाही. लहानपणी खगे माळ घातली की आधी मान मागे वाकडी करून ते फूल बोटानं चाचपून बघायचा. "आहे!" म्हणून ओरडायचा आणि मग तांदळाच्या पिठाच्या गोड सेलरोटीवर तुटून पडायचा. मोठा झाला, मिशी आली, काठमांडूत ऑफिसात लागला, तरी माळ घातली की त्याचा हात आपोआप मानेमागे जायचा. तीर्थाला वर्षभराची मजुरी त्या एका हालचालीत मिळायची. माणूस किती थोडक्यात खूश होतो, आणि त्याला फसवायला किती थोडकं पुरतं!

बाप गेल्यावर, सुतक-वर्ष सरल्यानंतरच्या पहिल्याच भाईटीकेला खगे कागद घेऊन आला. तिनं तेलाचं रिंगण घातलं, उंबऱ्यावर दगडानं अक्रोड फोडला, कपाळावर सात रंगांचा टीका लावला, माळ घातली. त्यानं मानेमागचं फूल चाचपलं आणि हसत म्हणाला, "दिदी, दरसाल मी तुला भेट देतो. या साली तू मला दे."

"काय पायजे बोल."

"खालचं शेत विकूया. मी काठमांडूत घर बांधतो. वरच्या मजल्यावर तुला खोली आणि वर सगळी गच्ची तुझी. कुंड्या ठेव, टप ठेव, काय पायजे ते लाव. उतारावर गुडघे फोडायचं वय आहे का तुझं?"

"आणि माझ्या वाफ्यांचं?"

"गच्चीवर ऊन जास्त लागतं, दिदी."

तिनं सही केली. वाचून दाखव म्हणावं, असं तिच्या मनातही आलं नाही. भावाच्या गळ्यात अजून तिनंच घातलेली माळ होती. त्या माणसाला काय विचारायचं? तिच्या बोटांना टीकेचे रंग लागलेले होते, ते कागदालाही लागले. खगेनं कागद फुंकून फुंकून वाळवला.

पुढच्याच महिन्यात, मंसिरात, खोदायचं मशीन आलं. झेंडू अजून उभा होता. तिनं पांढऱ्याचं बी आधीच काढून पदरात बांधलं होतं म्हणून ते वाचलं. काठमांडूत घर झालं म्हणे. "या साली प्लास्टर ओलं आहे." "या साली भाडेकरू आहेत." "या साली लग्न आहे, सासरची माणसं राहायला येणार." लग्नाला तिला बोलावलं नाही, तिला ते गावात दुसऱ्याकडून कळलं. मग त्याचा फोन नंबर बदलला. गरज सरो आणि वैद्य मरो ही म्हण आपण हसत हसत वापरतो. ज्या वैद्यावर ती येते त्याला हसू येत नसावं.

त्या कागदानं शेतासोबत गावचं घरही एकट्या खगेच्या नावावर झालं होतं आणि तेही विकलं गेलं, म्हणून तीर्था भक्तपुरात ज्ञानशोभा शाक्य या म्हातारीच्या घरात, सगळ्यात वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली. पुढे टीचभर गच्ची. त्या गच्चीवर तिनं तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, रंगाच्या टाक्या, एक चीर गेलेला तांब्याचा घडा, जे मिळेल त्यात माती भरली आणि पुन्हा मखमली लावली. भुईतल्या वाफ्याची आणि डब्याची बरोबरी होत नाही. डब्यातली माती दुपारी तापते, मुळं भिंतीला जाऊन आपटतात, फूल बारीक येतं. पण येतं. पांढऱ्यासाठी मोहरीच्या तेलाचा एक डबा वेगळा.

दर तिहारला ती पहिली माळ खगेची ओवायची. ती झाल्याशिवाय विकायच्या माळेला सुई लावायची नाही. तो यायचा नाही. मग ती माळ खोलीतल्या खुंटीवर जायची. पुढच्या वर्षी तिच्यावर दुसरी. सुकली असती तर फेकता आली असती. मखमली सुकत नाही. खुंटीवर तो जांभळा भारा वाढत गेला, आणि तीर्था दर शनिवारी त्यावरची धूळ फडक्यानं झटकायची.

ज्ञानशोभा ते बघून बघून वैतागली. "तीर्था, रोपांचे शेंडे खुडतेस. भावाचा एकदा वेळेवर खुडला असतास तर!"

"कामात असेल, बज्यै."

"मग मीही कामात आहे. माझे दोन भाऊ कवळ्या सावरत येतातच ना माझ्याकडे? तुझ्या त्या राजाच्या पायात काय काटा मोडलाय?"

"सासरची माणसं मोठी आहेत. त्याला लाज वाटत असेल, बहीण नवऱ्याचं घर सोडून आलेली म्हणून."

"त्या घर सोडून आलेल्या बहिणीच्या फुलांवर शिकला तेव्हा लाज कुठं चरायला गेली होती?"

यावर तीर्था उठून डब्यांना पाणी घालायची. ओल्या मातीलाही पाणी घालायची, म्हणून दोन-तीन झाडं त्या वर्षी कुजली.

या वर्षी ज्ञानशोभानंच खबर आणली. खगेला ओळखणाऱ्या तिच्या भाच्यानं टॅक्सीतून त्याला त्याच्या घरी सोडलं होतं. काठमांडूत मैतीदेवीच्या देवळामागे, निळ्या फाटकाचं घर, गच्चीवर पांढऱ्या कुंड्यांत पिटुनिया. "म्हणजे गच्ची आहे हो," म्हातारी म्हणाली. "फक्त माळीण बदलली."

शनिवार नव्हता, तरी तीर्थानं त्या रात्री खुंटीवरच्या माळांची धूळ झटकली. सकाळी म्हणाली, "मी जाते."

"कुठं?"

"त्याच्याकडे. तो येत नाही तर मी जाते. बहिणीनं जाऊ नये असं कुठं लिहिलंय?"

"अगं, नाक आहे का तुला?"

"आहे. पण भाऊही एकच आहे."

गच्चीवरचा माल घाऊकवाले आता घेत नव्हते. त्यांना चीनच्या प्लॅस्टिकच्या माळा परवडायच्या. म्हणून तिनं ठरवलं की भाईटीकेच्या सकाळी स्वतःच काठमांडूत राणीपोखरी तळ्याच्या कठड्याशी बसून माळा विकायच्या आणि साइतीच्या, टीकेच्या मुहूर्ताच्या, आधी चालत मैतीदेवी गाठायची. राणीपोखरीच्या मधलं देऊळ त्या दिवशी उघडतं. ज्यांना बहीण नाही, ज्यांना भाऊ नाही, ते तिथं जमतात आणि एकमेकांना टीका लावतात, म्हणजे कुणाचं कपाळ त्या दिवशी कोरं राहत नाही. अशा माणसांना घरून माळ कोण देणार? ती तिथंच विकत घेतात. धंद्याला जागा चांगली. तीर्थाला त्या लोकांची कीव यायची. मनातल्या मनात ती म्हणायची, आपलं निदान तसं नाही.

टोपलीच्या तळाशी एका स्वच्छ फडक्यात तिनं खगेची माळ ठेवली. या वर्षी डब्यात पांढरी फुलं दोनच धरली होती. एक बियाणाला झाडावरच ठेवलं, एक ओवलं. सोबत दोन अक्रोड, कागदाच्या पुडीत टीकेचे रंग, पहाटे तळलेल्या सेलरोट्या. ज्ञानशोभानं आपली चांगली शाल काढून दिली. "घे. फाटकाशी तुला कामवाली समजायला नको."

सकाळी कठड्याशी रांग लागली. रेडिओवाले साइत पुन्हा पुन्हा सांगत होते. म्हातारे, नोकरीला आलेली पोरं, काठी टेकत आलेली एक बाई. माळा भराभर गेल्या. खऱ्या मखमलीला हात लावून लोक खूश होत होते. तीर्थाचं लक्ष सूर्याकडे होतं. टोपलीत वर दोन माळा उरल्या होत्या, त्या गेल्या की उठायचं. एक माणूस आला, दोन्ही घेऊन गेला. ती शाल झटकून उठायला लागली, तेवढ्यात समोर भारी कुर्ता-सुरुवाल घातलेली, गोरीशी, हसऱ्या तोंडाची एक बाई येऊन उभी राहिली. तिच्या कडेवर मूल होतं.

"दिदी, संपल्या? एक तरी द्या हो. खरीच हवी होती. घरी प्लॅस्टिकची आहे, पण मला ती आवडत नाही."

"संपल्या, बहिनी."

"असं नका ना करू. दरसाल यांचं कपाळ कोरं राहतं. या साली मी ओढून आणलंय रांगेत. यांना बहीणच नाही ना." बाईनं मागे वळून हाक मारली, "अहो, इकडे या, दिदींना सांगा तुम्ही!"

रांगेतून ढाका टोपी घातलेला माणूस पुढे आला. पोट सुटलेलं, कानाशी केस पांढरे. तीर्थानं त्याला चालीवरून ओळखलं. लहानपणी गुडघ्यात ताप उतरल्यापासून तो डावा पाय जरा आत टाकायचा.

त्यानंही ओळखलं. तो रांगेकडे एक पाऊल मागे सरला.

"कुणीच नाही का?" तीर्थानं त्या बाईला विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "चुलत, मावस?"

"कुणी नाही हो. एकुलते एक. आईबाप गेलेले. शेत विकलं तेव्हा घेणाऱ्यांनी दहादा विचारलं होतं म्हणे, बहीणबिहीण आहे का, उद्या हक्क सांगायला येईल. यांनी सांगितलं, असती तर बरं झालं असतं." बाई हसली. मनानं चांगली होती बिचारी, आणि तेच वाईट होतं. वाईट असती तर तीर्थाला तिच्यावर राग काढता आला असता.

खगे म्हणाला, "बिनिता, चल. उशीर होतोय."

"थांबा हो! दिदी, तुम्हाला भाऊ आहे?"

खगेनं मान खाली घातली. त्याच्या बुटांना नवं पॉलिश होतं. तीर्थानं त्या बुटांकडे बघितलं. त्या वेळी ती काय म्हणते याची त्याला भीती वाटत होती, हे तिला स्पष्ट दिसलं. मग तिला वाटलं, याला निदान एवढं तरी वाटतंय. आणि लगेच कळलं की ती भीती बहिणीची नाही, बायकोची आहे.

"नाही," ती म्हणाली. "मलाही नाही."

"मग तुम्हीच घाला ना यांना माळ! तुम्हाला भाऊ नाही, यांना बहीण नाही. देवानंच जोडी लावली की!"

तीर्थानं टोपलीच्या तळाचं फडकं सोडलं. तेल नव्हतं म्हणून रिंगण घातलं नाही. अक्रोड काढले नाहीत. पुडी उघडून तिनं त्याच्या कपाळावर एकेक रंग लावला, सगळे सात, घाई न करता. मग माळ घातली. त्याचा उजवा हात आपोआप उठला, मानेमागे गेला, चाचपडला, आणि तिथंच थांबला. खाली येईना.

"काय टोचलं का?" बिनितानं विचारलं.

त्यानं ते फूल बोटांत धरून ठेवलं.

"टोचत नाही ती," तीर्था म्हणाली. "बहिनी, ही माळ फेकायची नाही. दाराच्या आतल्या बाजूला वर टांगा, जाता-येता यांच्या डोळ्यांसमोर राहील अशी. ती सुकायची नाही. पाच वर्षं, दहा वर्षं, रंगही सोडायची नाही. आणि मागं एक पांढरं फूल आहे. ते कशाला आहे, ते यांना विचारा. आज नको. रोज विचारा."

बिनितानं कौतुकानं मान डोलावली आणि पर्स उघडली. खगे घाईघाईनं पुढे झाला, खिशातून मोठी नोट काढून दोन्ही हातांनी पुढे केली, बहिणीला भेट देताना धरतात तशी.

तीर्थानं ती घेतली नाही. बिनिताच्या हातून माळेची जी किंमत होती तेवढीच घेतली, पदराला बांधली, आणि उरलेले सुटे परत केले.

"दिदी..." तो म्हणाला. नेपाळात कुणालाही दिदी म्हणतात, फूलवालीलाही.

"तुमची साइत टळतेय, बाबू," ती म्हणाली आणि टोपली आवरायला लागली.

ते देवळाकडे निघून गेले. त्याचा हात अजून मानेमागेच होता. बिनिता काहीतरी विचारत होती.

तीर्थानं सेलरोट्या कठड्यावर कावळ्यांना कुस्करल्या. शाल घडी घालून टोपलीत ठेवली. मग ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. काठीवाली म्हातारी तिच्या पुढेच होती. तिनं वळून बघितलं.

"अगं, तू माळा विकत होतीस ना? तुला पण भाऊ नाही?"

"नाही."

"पहिल्यापासूनच नाही?"

"आहे, असं वाटत होतं," तीर्था म्हणाली.

ती संध्याकाळी घरी आली तेव्हा कपाळावर कुणा अनोळखी म्हाताऱ्यानं लावलेला वेडावाकडा टीका होता. ज्ञानशोभानं तो बघितला, आणि टोमणा गिळून चुलीवर चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी तीर्थानं खुंटीवरच्या सगळ्या माळा काढल्या आणि खालच्या चुलीत घातल्या. मखमली जळायला फार वेळ घेते, धूर मात्र भरपूर होतो. म्हातारी खोकत खोकत बाहेर आली.

जेठात तिनं पुन्हा बी राखेत चोळलं, डबे भरले. रोपं वीतभर झाली तेव्हा ज्ञानशोभा गच्चीवर कपडे वाळत घालायला आली, तिनं मोहरीच्या तेलाचा डबा पाहिला. त्यातही जांभळ्याचंच रोप होतं.

"आणि पांढरं गं? तुझ्या आईचं?"

तीर्था शेंडे खुडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"त्याचं बी मी धरलं नाही, बज्यै."